चीवराला खिसा

टाचणीमावशीच्या तोंडात दिवसभर टाचण्या असायच्या. त्या काढल्या की शब्द बाहेर यायचे, आणि तेही टोचायचे. तरी गिऱ्हाईक तिच्याकडेच यायचं. फाटलेलं कापड असं सांधणारं माणूस पुलाच्या अलीकडे नव्हतं, पलीकडेही नव्हतं. कोटाला ठिणगीने भोक पडलेलं असो की पडदा उंदराने कुरतडलेला असो, मावशीचा हात फिरला की मालक स्वतःच ती जागा शोधत बसायचा आणि शेवटी नाद सोडायचा.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी मशीन, मधोमध बेतायचं लांब टेबल, आणि मागच्या भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत लोखंडी दांडी. दांडीवर शर्ट टांगलेले. कोरे, कडक इस्त्रीचे, एकदाही कुणाच्या अंगाला न लागलेले. एखादा नवखा माणूस हात लावून विचारायचा, "हे विकायला आहेत का हो?" मग त्याची जी शोभा व्हायची, ती समोरच्या दुकानापर्यंत ऐकू जायची.

ते शर्ट भोंग्याचे होते. भोंग्या म्हणजे मावशीचा थोरला. जन्मला तोच असा रडला की सुईणीने कानांवर हात ठेवले, तेव्हापासून हे नाव चिकटलं. मोठेपणीही तो घरात शिरायच्या आधी त्याचा आवाज शिरायचा. लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. नदीच्या अलीकडचे आणि पलीकडचे एकमेकांच्या जिवावर उठले होते. एका सकाळी ताडपत्रीचा ट्रक आला, बेकरीसमोर रांगेत उभ्या असलेल्या पोरांना आत कोंबलं आणि निघून गेला. ट्रक अलीकडच्यांचा की पलीकडच्यांचा, हे आजतागायत कुणी छातीवर हात ठेवून सांगितलेलं नाही. बाकीच्या पोरांच्या बातम्या एकेक करून आल्या, आणि त्या काय होत्या ते सांगायला नको. भोंग्याची बातमीच आली नाही.

बातमी नाही म्हणजे पोरगा आहे, असं मावशीने ठरवून टाकलं. दर वाढदिवसाला ती त्याला एक शर्ट शिवायची. पहिली काही वर्षं खांद्यात अर्धा अर्धा इंच वाढवला, मग छातीत. अलीकडे पोटाशी थोडा सैल ठेवायला लागली होती. "आता सुटलं असेल जरा. वय काय कमी झालं का त्याचं?" ती अगदी सहज म्हणाली, आणि काज करत बसलेल्या धाकटीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

धाकटी ही मावशीची लेक. भाऊ घरात नव्हता आणि घरभर भाऊच होता, अशा घरात ती वाढली. पंखा लावला की दांडीवरच्या बाह्या हलायच्या, एकमेकींना घासून कुजबुजल्यासारखा आवाज यायचा, आणि मावशी मान वर न करता म्हणायची, "आलास का रे?" आधी गंमत म्हणून. पुढे पुढे त्यातली गंमत कुठे गेली कोण जाणे. धाकटी एकटी असली तर उकडून मरायची, पण पंखा लावायची नाही. तिचं लग्न ठरलं, ते "दादा आल्यावर करू" म्हणून लांबलं, पुन्हा लांबलं आणि मोडलं. तेव्हापासून तिने आईजवळ काही मागायचंच सोडलं. शिंपिणीची लेक, आणि अंगात बाजारातले तयार कपडे!

त्या दिवशी दुपारी दारात एक तरुण भिक्खुणी येऊन उभी राहिली. डोकं तुळतुळीत, हातात मोठं गाठोडं.

"मावशी, भन्तेंचं चीवर आणलंय. फार फाटलंय. तेवढं सांधून द्याल का?"

मावशीने तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीला टोचल्या. धाकटीने श्वास रोखला. आता हिची वरात निघणार, असं तिला वाटलं. कारण या घरात भन्ते हा शब्द कुणी उच्चारायचा नाही, असा दंडकच होता.

भन्ते म्हणजे पुलावरचे म्हातारे भिक्खू. आता दोन्ही काठांवरचे लोक त्यांना डोक्यावर घेतात, पण लढाईत दोन्हीकडच्यांनी त्यांना झोडपलं होतं आणि दोन्हीकडच्या तुरुंगांत त्यांनी दिवस काढले होते. त्यांचं वेड असं, की ज्याच्या घरचं माणूस मारलं गेलं त्याच्या दारी जायचं आणि मेलेल्याच्या कपड्याचा एक तुकडा मागायचा. अलीकडच्यांकडेही मागायचा आणि पलीकडच्यांकडेही. ते सगळे तुकडे झाडाच्या सालीच्या रंगात बुडवून एकाच पिवळट मातकट रंगाचे करायचे, आणि स्वतःच्या हाताने जोडून त्याचं चीवर करायचं. भिक्खू अंगावर घेतात ते वस्त्र. गोळीबार सुरू झाला की ते पांघरून भन्ते पुलाच्या मध्यावर जाऊन बसायचे. "यात अलीकडचा कुठला आणि पलीकडचा कुठला, तेवढं दाखवा," ते म्हणायचे, "सापडला तर खुशाल लढा." बंदूकवाल्यांना कुठला सापडायला! पण त्यात आपल्या भावाची बंडी आहे, आपल्या बापाचा सदरा आहे, एवढं प्रत्येकाला ठाऊक असायचं. नेम धरायचा तर आपल्याच मेलेल्यावर धरावा लागायचा. रोज नाही, पण पुष्कळदा बंदुका खाली यायच्या.

ट्रक येऊन गेल्यानंतर काही महिन्यांनी ते मावशीच्याही दारी आले होते. हात जोडून म्हणाले, "ताई, मुलाचं एखादं जुनं कापड असेल तर..." पुढचं मावशीने बोलू दिलं नाही. "माझा पोरगा जिवंत आहे! मढ्यांची चिरगुटं गोळा करत हिंडतोस, लाज नाही वाटत? चालता हो!" असं म्हणून तिने खडूचा डबा त्यांच्या अंगावर भिरकावला.  भन्तेंनी अंगावरची खडूची पूड झटकलीसुद्धा नाही. वाकून नमस्कार केला आणि गेले.

आणि आज त्याच भन्तेंचं चीवर घेऊन ही पोरगी दारात!

"त्यांना हे ठाऊक आहे का?" मावशीने विचारलं.

"नाही," भिक्खुणी म्हणाली. "एरवी ते स्वतःच शिवतात. पण आता हात चालत नाहीत. दिवसातला बराच वेळ झोपूनच असतात. फार दिवस राहतील असं वाटत नाही. मीच आणलं न सांगता."

"ठेव तिथं. उद्या सकाळी ये."

भिक्खुणी गेली आणि धाकटीने आ वासला. "आई, तू घेतलंस?"

"घेतलं."

"का पण?"

 मावशीने टेबल मोकळं केलं. भोंग्याचा या वर्षीचा शर्ट बेतून तयार होता, त्याचे तुकडे एका कडेला सरकवले आणि चीवर पसरलं. ते टेबलाच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबलं. धाकटीने आईच्या हातांकडे पाहिलं. हात फाटलेल्या जागा सोडून शिवणी शोधत होते. मग तिला उमगलं, आई काय शोधतेय ते.

भन्ते नुसते घरोघर जाऊन मागत नव्हते. नदीकाठी, शेतात बेवारशी पडलेल्यांना मातीही तेच द्यायचे, आणि त्यांच्या अंगावरच्या कापडाचाही तुकडा घ्यायचे. या चीवरात भोंग्याचा शर्ट असेल का? इतकी वर्षं मावशीच्या जिवाला तो घोर लागलेला होता. तो त्या सकाळी घालून गेलेला शर्ट मावशीनेच शिवलेला होता. रंग बुडाला तर बुडू दे, टाका थोडाच बुडणार होता! टीप संपते तिथे उलट फिरून दोरा आत दडवायची तिची एक खोड होती. अशी गाठ दुसरं कुणी मारत नाही. शर्ट यात असेल तर पोरगा गेला. नसेल तर...

ती वरच्या कोपऱ्यापासून निघाली. एकेक तुकडा उलटा करायचा, शिवण बोटांनी चाचपायची, उजेडाकडे धरायचा, सोडायचा. हा जाडाभरडा, कुणाचा तरी कामाचा सदरा. हा मऊ, बाईचा. हा एवढासा तुकडा, याला अजून बटणाचा दोरा लटकतोय, हा लहान मुलाचा. मावशीने तो तुकडा पटकन सोडला आणि हात पोटाशी पुसला. खोलीत आवाज म्हणून नव्हता. टेबलावर कुणीतरी दाटीवाटीने झोपलेलं आहे आणि आपण एकेकाच्या तोंडावरचं पांघरूण काढून बघतोय, असं धाकटीला वाटायला लागलं. तिने एकदा म्हटलं, "आई, पुरे." मावशीने ऐकलंच नाही.

उन्हं उतरली तेव्हा मावशीने शेवटचा कोपरा हातातून सोडला आणि खुर्चीत मागे रेलली.

"नाहीये," ती म्हणाली. "अगं, नाहीये! यात नाहीये तो!"

आणि ती हसली. किती वर्षांनी हसली! उठून ती घटाघटा पाणी प्यायली, मग तिने दांडीवरच्या शर्टांवरून हात फिरवला, मशीनला तेल घातलं. "म्हाताऱ्याचं काम आता असं करून देते की बघत राहील," असं म्हणून कामाला बसली. उसवलेल्या शिवणी घातल्या, झिजलेल्या जागी आतून आधार दिला. गुणगुणत होती. डाव्या खांद्यापाशी तळहाताएवढं चौकोनी भोक होतं. त्याच्या चारी कडा दुमडून बारीक टाके घातलेले होते. मावशी फिस्सकन हसली. "बघ गं धाकटे! काठ शिवून ठेवलाय आणि ठिगळ लावायचंच विसरला. म्हातारा चळलाय." हाताशी त्या मापाचं काय आहे ते तिने पाहिलं. भोंग्याच्या नव्या शर्टाचा खिसा बेतून, कडा दुमडून, इस्त्री करून तयार पडला होता. रंगही तसाच, मातकट पिवळा. खिसा काय, दुसरा बेतता येईल! तिने तो उचलला, भोकावर ठेवला आणि चारी बाजूंनी शिवून टाकला. टीप संपली तिथे उलट फिरून दोरा आत दडवला.

सकाळी भिक्खुणी आली. चीवर उलगडून बघताना तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद होता. मग तिचा हात डाव्या खांद्यापाशी आला आणि चेहरा पांढराफटक पडला.

"मावशी, इथली खिडकी कुठे गेली?"

"कसली खिडकी? भोक होतं, बुजवलं."

"अरेरे! माझीच चूक. मी सांगायचंच विसरले. आम्हाला इतकी सवय झालेली..." भिक्खुणीने त्या चौकोनावर बोट ठेवलं. "ते भोक नव्हतं. भन्ते एका घरी कापड मागायला गेले होते. ती आई म्हणाली, माझा मुलगा जिवंत आहे. तिने दिलं नाही. मग भन्तेंनी त्याच्यासाठी एक रिकामी जागा ठेवली. मेलेल्यांत त्याला घालायचं नाही, आणि विसरायचंही नाही. रोज ते एकेका तुकड्यावर बोट ठेवून त्याचं नाव घेतात, बेवारशी असेल तर तो सापडला ती जागा सांगतात. तिथं आले की बोट आरपार जातं आणि ते गप्प राहतात. थंडीत तिथून वारा लागायचा, खांदा आखडायचा. मी म्हटलं, आतून कापड लावू या. तर म्हणाले, ती बाई सांगेपर्यंत नाही."

मावशी उभी होती ती मट्कन खाली बसली. टेबलाच्या कडेला तिचा हात नुसता चाचपडत राहिला. पोरगा चीवरात नाही म्हणून ती काल गुणगुणली होती. आणि गुणगुणता गुणगुणताच तिने त्याला त्यात शिवून टाकला होता, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या गाठीने.

"मीच ती," ती म्हणाली.

धाकटीने आईला उठवलं. मावशीने उसवायची छोटी कात्री उचलली, चीवर छातीशी धरलं आणि भिक्खुणीच्या मागे चालू लागली. धाकटी चपला पायात सरकवत धावली.

पुलाच्या तोंडाशी भन्तेंची खोली होती. एक खाट, एक भिक्षापात्र, नदीकडे उघडणारी एक खिडकी. भन्ते खाटेवर इतके वाळून पडले होते की चादर सपाटच दिसत होती. डोळे उघडे, पण नजर गेलेली. भिक्खुणीने चीवर त्यांच्या अंगावर घातलं. बोटं आपसूक चालायला लागली. ते एकेक तुकडा चाचपत होते, नाव पुटपुटत होते, पुढे जात होते. मावशी दाराशी खिळून उभी होती. बोट डाव्या खांद्याशी आलं आणि थांबलं.

"खिडकी कुणी लावली?"

"मी," मावशी म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं."

भन्तेंनी मान आवाजाकडे वळवली. "शिंपीणताई. आवाज तोच आहे. खडू मारला होतात मला."

"मारला होता."

"त्या वर्षी तुम्ही एकट्याच मला नाही म्हणालात. बाकीच्यांच्या अंगात नाही म्हणायचंसुद्धा बळ उरलं नव्हतं." त्यांना धाप लागली. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मुलगा गेल्याचं कळलंय का?"

"नाही."

"मग उसवा. माझ्या अंगावर चुकून मेलेले पुष्कळ आहेत, ताई. त्यात आणखी एक चुकून नको."

मावशी खाटेच्या कडेला बसली. कात्रीचं टोक तिने टाक्याखाली घातलं. वरची बाजू उसवत आणली, टाका टाका सुटत गेला. कोपऱ्याशी आली आणि हात थांबला. पुढचा टाका डोळ्यांसमोर होता, कात्री हातात होती, पण हात काही केल्या पुढे जाईना. ती थकली होती. इतकी वर्षं दांडीवर शर्ट चढवता चढवता, ट्रकच्या प्रत्येक आवाजाला दाराशी धावता धावता ती थकून गेली होती, आणि हे तिचं तिलाच आत्ता कळत होतं.

"झालं?" भन्तेंनी विचारलं.

"एक बाजू झाली. बाकीच्या तीन... राहू देते."

भन्तेंचं बोट चाचपत आलं, उघड्या बाजूतून आत सरकलं, त्यांच्या स्वतःच्या हाडकुळ्या खांद्याला लागलं. ते खुदकन हसले.

"हा तर खिसा झाला."

"खिशाचाच तुकडा होता. त्याच्या नव्या शर्टाचा."

"भिक्खूला खिसा नसतो हो. ठेवायचंच काही नसतं. मी काय ठेवू यात?"

मावशीने एकदा धाकटीकडे पाहिलं. दारात उभी, अंगात खांद्याला न बसणारा बाजारचा झगा.

"त्याची वाट बघायचं ठेवा," ती म्हणाली. "तो गेला असं मी म्हणणार नाही. कुणी काही दाखवलं तरी म्हणणार नाही. पण वाट बघणं आता मला झेपत नाही. ते कुणीतरी माझ्याकडून घ्या."

"मी आज-उद्याचा माणूस, ताई."

"ठाऊक आहे. म्हणून तर देतेय."

भन्तेंनी खिशाची उघडी कड बोटांत धरली. मग म्हणाले, "मला त्याचं नाव ठाऊक नाही. तुम्ही सांगितलंच नव्हतंत. कशी हाक मारायचात?"

मावशी उठली, खिडकीशी गेली. एका हाताने गज धरला, आणि जेवायला बोलवायची तशी, पोटातून, तीन गल्ल्यांत ऐकू जाईल अशी हाक मारली. "भोंग्याऽऽऽ!"

आवाज नदीवरून पलीकडच्या काठाला लागला आणि परत आला. पुलावरची माणसं थबकून बघायला लागली. खोलीतली चौघंही कान देऊन थांबली. धाकटीसुद्धा थांबली, भिक्खुणीसुद्धा, आंधळे भन्ते मान उचलून थांबले. आत्ता ओ येईल, आलीच, असं चौघांनाही अगदी खरं वाटलं.

ओ आली नाही. भन्तेंनी मान खाली टेकवली आणि खिशावर तळहात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. चीवरासकटच त्यांना अग्नी दिला. दोन्ही काठांवरची माणसं आली होती, ज्याच्या त्याच्या घरचं माणूस त्यात होतं. मावशी पार शेवटपर्यंत उभी राहिली. डाव्या खांद्याकडे बघत होती. रडली नाही.

घरी येऊन तिने हातपाय धुतले, पंखा लावला आणि गळ्यात टेप अडकवला.

"इकडे ये गं. सरळ उभी राहा."

"कशाला?" धाकटी म्हणाली.

"उभी राहा म्हटलं ना! माप घ्यायचंय."

धाकटी उभी राहिली. मावशीने टेप तिच्या खांद्याला लावला आणि आकड्याकडे बघतच राहिली. पोराचं, डोळ्यांसमोर नसलेल्या पोराचं माप तिला अर्ध्या इंचापर्यंत पाठ होतं. पोरीचा एकही आकडा तिला ठाऊक नव्हता.

"किती वाळलीस गं," ती म्हणाली.

मागे दांडीवर बाह्या हलल्या. एकमेकींना घासल्या, कुजबुजल्या. धाकटी दचकून वळायला लागली. मावशीचीही मान वर झाली, तोंड उघडलं, आणि रोजचे शब्द ओठांपर्यंत येऊन थांबले.

"हलू नकोस," ती लेकीला म्हणाली. "माप चुकेल."